पाचव्या जोडीचा निकाल

कुठल्या वाइनबरोबर कुठलं चीज खावं हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. आता माहीत आहे. हलक्या वाइनला मऊ चीज, तुरट वाइनला मुरलेलं कडक चीज. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण हे शिकता शिकता मी माझ्या सख्ख्या भावाचं जे करून ठेवलं, ते आठवलं की वाटतं, बाई, तू अडाणी होतीस तेच बरं होतं.

भाऊ म्हणजे दादा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. चहाच्या कंपनीत चहा चाखतो. लोकांना वाटतं, काय मजा आहे, बसून चहा प्यायचा आणि पगार घ्यायचा. पण दादा पीत नाही. ओळीने ऐंशी कप मांडलेले असतात. प्रत्येकातला एक चमचा तो असा काही सुर्र करून ओढतो की नवीन माणूस दचकतो. मग तो घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि एक शब्द उच्चारायचा. ‘उथळ.’ ‘धुरकट.’ ‘पोक्त.’ त्या एका शब्दावर कुठला चहा कुठल्या डब्यात जायचा ते ठरतं. चौतीस वर्षं असं चाललं होतं. घरीही तोच खाक्या. वहिनींच्या सूपला त्याने एकदा ‘दिशाहीन’ म्हटलं होतं, तेव्हा दोघं तीन दिवस बोलत नव्हते.

तर दादाला साठ पूर्ण व्हायला तीन महिने राहिले होते. कंपनीत कामाच्या माणसाला दोन वर्षं वाढवून मिळतात, पण ती मोठ्या साहेबांच्या सहीवर. दादाला ती दोन वर्षं हवी होती. घरी बसून राहणारा माणूस नाही तो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बूट घालून खुर्चीत बसतो. वहिनी फोनवर म्हणाल्या, “हे तोंड उघडून मागायचे नाहीत. आणि साहेबांचं सध्या लक्ष कुठे आहे? परदेशात जाऊन आल्यापासून त्यांचं एकच, वाइन आणि चीज, चीज आणि वाइन. परवा मीटिंगमध्ये म्हणे अर्धा तास चीजच्या सालीवर बोलले.”

वहिनी सहज बोलल्या होत्या. सहज बोललेलं सोडून द्यावं, ही अक्कल मला नाही.

मी विचार केला, साहेबांना वाइन-चीजची आवड, आणि माझ्या भावाची जीभ म्हणजे तराजू. दोघांना एका टेबलावर बसवलं, समोर पाच वाइन आणि पाच चीज ठेवली, की दादा सुर्र करून एकेक शब्द टाकेल, साहेब बघत राहतील आणि सोमवारी सही होईल. एवढं सोपं होतं. त्या वेळी.

आता वाइन आणि चीज यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मी आजवर जे काही शिकले, शिवण, टायपिंग, विजेचं फ्यूज बदलणं, ते सगळं लायब्ररीतल्या पुस्तकांवरून. कॉलेजचं तोंड काही बघितलं नाही. लायब्ररीत नवशिक्यांसाठी लिहिलेलं एक पुस्तक मिळालं. त्यात एक्केचाळीस ते छप्पन्न ही पानं नव्हती. अनुक्रमणिकेवरून कळलं की त्या पानांत पांढरी वाइन, गोड वाइन आणि ‘निळी बुरशी असलेले चीज कशाबरोबर द्यावे’ असं सगळं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, तांबड्या वाइनवर भागवू. निळ्या चीजचं आपण आपल्या अंदाजाने बघू. परीक्षेला अर्धाच अभ्यासक्रम करून बसणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत.

हो, माझी नोकरी सांगायची राहिली. मी परीक्षा मंडळाच्या कार्यालयात आहे. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर. कॉपी प्रकरणांच्या. दोन उत्तरपत्रिका माझ्यासमोर येतात, आणि कुणी कुणाचं बघून लिहिलं ते मी सांगायचं. बरोबर उत्तरं सारखी असली तर त्यात काही नाही, बरोबर उत्तर कुणाचंही सारखंच येणार. चूक सारखी लागते. तीही कशी, तर तिसऱ्या कुणाला सुचणार नाही अशी. ती दिसली की माझा डावा हात आपोआप दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो. डोक्याला तो विचारत नाही.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, “नको गं.”

“अरे, तू काही करायचं नाहीस. नुसतं यायचं आणि चाखायचं.”

“चाखायचंच नको म्हणतोय मी.”

“दारू आहे म्हणून? थुंकलास तरी चालतं. पुस्तकात दिलंय, थुंकणं सभ्य समजतात.”

“तसं नाही. माझं मला करू दे की. साहेबांशी मी बोलेन.”

“तू चौतीस वर्षांत बोलला नाहीस.”

“तू ऐकणार नाहीस,” तो म्हणाला. हे त्याने इतक्या थकलेल्या आवाजात म्हटलं की मला वाटलं, किती हा संकोच माझ्या भावाचा. संकोच. मी त्याला संकोच म्हटलं.

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात आठ-नऊ माणसं बसवायची तर दोघांना खिडकीबाहेर ठेवावं लागेल. म्हणून इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल मागायला गेले. सेक्रेटरींनी नियमांची वही काढली. हे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले तरी शिक्का बाळगून आहेत; इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरही त्यांचा शिक्का आहे.

“ताई, हॉल तीनच कारणांसाठी देता येतो. कौटुंबिक, शैक्षणिक आणि शोक.”

“कौटुंबिक लिहा.”

“साहेब तुमचे नातेवाईक?”

“नाहीत.”

“मग कौटुंबिक नाही.” त्यांनी थोडा विचार केला. “शोक म्हणता येईल का कुणाचा?”

मी म्हटलं, अजून तरी नाही.

“मग शैक्षणिक. पण शैक्षणिक म्हटलं की हजेरीपत्रक आलं. अभ्यासक्रम आला. आणि शेवटी मूल्यमापन. मूल्यमापनाशिवाय शिक्षण कसलं? नुसती चैन झाली ती.”

हे माझ्याशी बोलत होते, परीक्षा मंडळातल्या बाईशी. खरं सांगते, मला ते पटलं. तिथल्या तिथे मी अर्ज भरला, ‘वाइन व चीज यांच्या जोड्या लावणे, प्राथमिक वर्ग, लेखी चाचणीसह’. सेक्रेटरींनी शिक्का मारला आणि वर एक अट घातली की निरीक्षक म्हणून ते स्वतः हजर राहतील.

जाता जाता जिन्यापाशी मला गाठून ते हळूच म्हणाले, “ताई, एक आहे. मी घेत नाही. पण पदावरच्या माणसाने सगळ्यांत वेगळं दिसणं बरं नव्हे. माझ्या ग्लासात काळ्या द्राक्षांचा रस घाला. पाचही ग्लासांत. कुणाला कळता कामा नये.”

“नाही कळणार,” मी म्हटलं. गुप्ततेची मला सवय आहे. आमच्याकडे प्रश्नपत्रिका छापखान्यातून कशा येतात ते मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या वकीलबाई म्हणाल्या, प्रत्येकाकडून आधी लिहून घ्या की काही झालं तर जबाबदारी ज्याची त्याची. वरच्या दंतवैद्य म्हणाल्या, तांबडी वाइन दातांवर चढते, घोटागणिक पाण्याने चुळा भरायला लावा, आणि चुळांसाठी एक बादली ठेवा. म्हणजे कार्यक्रम व्हायचा शैक्षणिक आणि दिसायचा दवाखाना. दोघींना बोलावणं भाग होतं, दोघी लगेच हो म्हणाल्या.

चीज तीन दिवस आधी आणली, कारण पुस्तकात लिहिलं होतं की चीजला घराची सवय होऊ द्यावी. चीजला झाली. आम्हाला होईना. पाचवं, ते निळ्या बुरशीचं, इतकं वास मारायचं की आमचे हे फ्रीज उघडण्याआधी जिन्यात जाऊन श्वास भरून यायचे. दूध काढायचं, दार लावायचं, मग श्वास सोडायचा. एकदा दुधाची पिशवी सापडेना तर डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

त्यातच शनिवारी संध्याकाळी दादा आला. “दाखव काय आणलंयस,” म्हणाला आणि फ्रीज उघडून उभा राहिला. दार सताड उघडं. एकेक पुडी हातात घेऊन बोटाने दाबून बघतोय, कागद सोडून रंग बघतोय. मिनिटभर, दोन मिनिटं. हे खिडकीशी नाकाला रुमाल लावून. दादाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तो गेल्यावर हे म्हणाले, “याला म्हणतात व्यावसायिक माणूस.”

मीही मान डोलावली. सव्वीस वर्षं लोकांची लबाडी वासावरून ओळखणारी बाई, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझा भाऊ त्या वासासमोर नुसता उभा होता, ते मला दिसलं नाही.

रविवारी चार वाजता वर्ग भरला. मी बाटल्यांना ऑफिसातला खाकी कागद गुंडाळून त्यांवर एक ते पाच आकडे घातले होते. प्रत्येकासमोर पाच ग्लास, पाच चीजचे तुकडे, ब्रेड आणि एक छापील उत्तरपत्रिका. रकाने चार, रंग, वास, चव आणि ‘जोडी जमली का? कारण द्या’. बैठकव्यवस्थेचा तक्ता दारावर लावला होता. साहेब आणि त्यांच्या पत्नी एका बाजूला, समोर दादा, म्हणजे साहेबांना त्याचा चेहरा नीट दिसावा. दादाच्या उजवीकडे वहिनी, डावीकडे सेक्रेटरी. मग वकीलबाई, दंतवैद्य आणि टोकाला आमचे हे. बादली टेबलाखाली.

साहेब माणूस चांगला. मी मनात त्यांचं काहीतरी भलतंच चित्र रंगवलं होतं. आल्या आल्या त्यांनी बाटल्यांचे खाकी झगे बघितले आणि लहान मुलासारखे खूश झाले. दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आज आमच्या गुरुजींचं ऐकायचं. मी नुसता शौकीन आहे, जीभ यांची.”

दादा हसला. मी ते हसू बघून सुखावले.

मी पुस्तकातला पाठ म्हणून दाखवला. आंबटपणाला स्निग्धपणा लागतो. तुरट वाइन एकटी प्यायली तर जीभ कोरडी पडते, पण वर कडक मुरलेलं चीज खाल्लं की तुरटपणा निवळतो. खारटाला गोड हवं. हे शेवटचं वाक्य चाळिसाव्या पानाच्या तळाशी होतं आणि पुढचं पान नव्हतं, म्हणून मी तिथेच थांबले. मग म्हटलं, “लिहायला सुरुवात करा. बोलायचं नाही. दुसऱ्याच्या पेपरात बघायचं नाही.” सवयीने म्हटलं.

पहिली वाइन जाताच सगळ्यांचे चेहरे आंबट खाल्ल्यासारखे झाले. साहेबांचाही झाला, पण त्यांनी त्याला डोळे मिटून आनंदाचं रूप दिलं. दुसरी, तिसरी. पेन्सिली चालू लागल्या. वकीलबाईंनी सगळ्यात आधी रेघा मारल्या. साहेबांनी मागच्या बाजूला लिहून पुरवणी मागितली. दंतवैद्य घोटागणिक चुळा भरत होत्या, त्यामुळे त्यांच्या मते पाचही वाइन पाणचट होत्या. पाचवी वाइन आणि निळं चीज एकत्र तोंडात गेलं तेव्हा मात्र टेबलावर सामुदायिक शहारा आला. साहेबांच्या पत्नींनी रुमाल तोंडाशी नेला. हे तर उठून उभेच राहिले आणि परत बसले.

दादाने सुर्र केलं. प्रत्येक ग्लासाला केलं. तो आवाज ऐकून सगळे आदराने थांबायचे. मग तो खाली बघून लिहायचा, संथपणे, मध्येच थोडं थांबून.

मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होते, हात मागे बांधून. पर्यवेक्षणाचं समाधान काही वेगळंच असतं. कुणाकडे ब्रेड कमी पडतोय, कुणाचा ग्लास रिकामा आहे, सगळीकडे माझं लक्ष होतं. जिथे हवं होतं तिथे सोडून.

पेपर गोळा केल्यावर साहेब म्हणाले, “ताई, निकाल लावाच आता. मोठ्याने.”

मी उभी राहून वाचायला लागले. वकीलबाईंनी लिहिलं होतं, ‘दुसऱ्या जोडीत चीजची बाजू भक्कम.’ आमच्या ह्यांनी पाचही ठिकाणी ‘बरी’ लिहून पाचव्यापुढे ‘नाही’ जोडलं होतं. वहिनींनी लिहिलं होतं, ‘आंबट. आधी चीज खाल्लं तर कमी आंबट.’ म्हणजे लायब्ररीतलं सगळं पुस्तक एका ओळीत. पाचवीबद्दल तोवर जवळपास सगळ्यांचं एकमत होतं. ‘लोखंड चाटल्यासारखं.’ ‘भांडण.’ साहेबांनी पुरवणीत, ‘दोघेही चांगल्या घरचे, पण हे लग्न करायला नको होतं.’ सगळे हसले. छान चाललं होतं. माझ्या आयुष्यात इतकं छान मी काही चालवलं नव्हतं.

मग सेक्रेटरींचा कागद आला. त्यांनी पाचही ग्लासांतून एकाच खोक्यातला एकच रस प्यायला होता, पण पदाची शान राखायला पाच वेगळी वर्णनं केली होती. ‘एक – गोड. दोन – गोड, पण अबोल. तीन – गोड, जरा पोरकट. चार – गोड, पण गंभीर. पाच – गोड. चीजबरोबर फारच सुरेख. पाचवी जोडी सर्वोत्तम.’ लोकांना वाटलं, माणूस विनोद करतोय. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींना टाळ्यांचं कारण कळलं नाही, पण त्यांनी मान लववली.

त्याच्याखाली दादाचा कागद होता. सुंदर, तिरकं अक्षर.

‘एक – मधुर. दोन – मधुर, मितभाषी. तीन – मधुर, अल्लड. चार – गोडवा आहे, पण पोक्त. पाच – मधुर. चीजबरोबर विलक्षण. पाचवी जोडी सर्वांत श्रेष्ठ.’

आता यापुढचं मी केलं असं मला म्हणवत नाही. माझ्या डाव्या हाताने केलं. त्याने सेक्रेटरींचा कागद परत उचलला आणि दादाच्या कागदाशेजारी ठेवला. आणि माझ्या तोंडून ऑफिसातला आवाज निघाला. “हे प्रकरण गैरप्रकाराचं आहे. सारखी चूक, पाच ठिकाणी. यांतल्या एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं आहे.”

सगळे खो खो हसले. साहेब तर टेबलावर थापा मारायला लागले. सेक्रेटरी मात्र उठून उभे राहिले. कान लाल.

“ताई, हे मी ऐकून घेणार नाही. मी आयुष्यात कुणाचं बघून लिहिलेलं नाही. मला गोड लागलं, मी गोड लिहिलं.”

“अहो, गंमत करतेय मी, बसा,” मी म्हटलं, कारण तोपर्यंत मला दादाचा चेहरा दिसला होता.

“गंमत कसली? माझ्या ग्लासात द्राक्षाचा रस होता, विचारा यांना. रस गोडच लागणार. ज्याच्या ग्लासात वाइन होती त्याला गोड कशी लागली, ते त्याला विचारा.”

हसणं एकदम थांबलं नाही. एकेक जण थांबला. शेवटी आमचे हे एकटे हसत होते, मग तेही थांबले. साहेबांनी दादाकडे बघितलं, त्याच्या समोरच्या अर्धवट ग्लासाकडे बघितलं, आणि मग बघायचं सोडून दिलं. चष्मा काढून पुसायला लागले. तो स्वच्छ होता.

दादा म्हणाला, “चला, निघू या आपण.” वहिनींनी पर्स उचलली. त्यांना काही कळलं नव्हतं, त्या वाटेत विचारत असणार. मी दारापर्यंत गेले. दादा म्हणाला, “हॉल पुसून घे, डाग पडतील.”

त्या रात्री मी जेवले नाही, हे सांगून सहानुभूती मिळवायची नाही मला. सोमवारी ऑफिसात समोर आलेली दोन कॉपी प्रकरणं मी ‘पुरावा अपुरा’ म्हणून सोडून दिली. मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि खुलासा लिहायला बसले.

खुलासा कसा लिहावा हे मला पाठ आहे, हजारो वाचलेत. मी लिहिलं की ‘उपरोक्त कार्यक्रमात ग्लास भरताना माझ्या नजरचुकीने द्राक्षरस शेजारच्या उमेदवाराच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, पाचही ग्लासांत ओतला गेला. सबब त्यांनी नोंदवलेले निष्कर्ष अचूक असून चूक सर्वस्वी माझी आहे.’ खाली सही, तारीख. कुणाचं बघून न लिहिलेली, माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली, अस्सल लबाडी. अशी आमच्या टेबलावर आली असती तर मी पकडली नसती.

कंपनीच्या दारावर पहारेकऱ्याने विचारलं, कोणत्या विभागाचं काम. मी म्हटलं, खुलासा द्यायचाय. त्याने वहीत ‘खुलासा विभाग’ लिहिलं आणि म्हणाला, असा विभाग इथे नाही. मग मी तक्रार विभागात गेले. त्यांनी विचारलं, कुठला चहा खराब निघाला. तिथून कर्मचारी विभाग. तिथे एक बाई फार प्रेमाने वागल्या, पण त्यांना वाटलं मी नोकरी मागायला आलेय, आणि वय विचारलं. शेवटी साहेबच जिन्यात भेटले आणि आत घेऊन गेले.

त्यांनी खुलासा शेवटपर्यंत वाचला. घडी घातली. मला परत दिला.

“ताई, तुमचा भाऊ काल सकाळी नऊ वाजता इथे बसला होता. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत. सगळं सांगून गेला.”

मी खुलासा पर्समध्ये घातला.

“लिहिलंय मात्र चांगलं,” साहेब म्हणाले. “त्याने सांगितलं नसतं तर मी विश्वास ठेवला असता. ठेवायचा होता मला.”

दोन वर्षं गेली ती गेली. चव न कळणाऱ्या माणसाला चव सांगायच्या खुर्चीत कोण ठेवील? साहेबांनी त्याला दुसरं काम देऊ केलं, गोदामात, देखरेखीचं. दादाने हात जोडले.

त्याच दिवशी तिथून तशीच दादाकडे गेले. वहिनींनी दार उघडलं. चिडल्या असतील तर पायच धरायचे असं ठरवून गेले होते, पण त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या.

“आठ महिने,” त्या म्हणाल्या. “आठ महिने मी जे करीन त्याला ‘छान झालंय’ म्हणायचे. छान, छान. मला वाटलं, चौतीस वर्षांनी का होईना, माझा हात सुधारला. बहिणीला फोन करून सांगितलं मी, की आता नावं ठेवत नाहीत.” आणि त्या आत निघून गेल्या.

दादा गॅलरीत बसला होता. पायांत बूट. मी समोरच्या खुर्चीत बसले. 

“तो ताप आला होता ना मला,” दादा म्हणाला, “त्यात नाक गेलं. नंतर आठवड्याभरात जीभ. डॉक्टर म्हणाला, येईल परत. मी वाट बघत राहिलो.”

“आणि कंपनीत?”

“रंग कळतो की. ओली पानं दिसतात, त्यावरून निम्मं कळतं. उरलेलं शेजारच्या टेबलावरच्या बाईंवरून. त्यांना चहा कडवट लागला की त्यांची डावी भुवई वर जाते. त्यांना स्वतःला माहीत नाही ते.” तो थोडं हसला. “तुमच्या सेक्रेटरीची भुवईच हलेना. म्हणून कागदात बघावं लागलं. बाकीच्यांची तोंडं वाकडी होत होती, पण निरीक्षक न डगमगता लिहीत होते; मला वाटलं, खरं त्यांनाच कळतंय.”

“मला का नाही सांगितलंस रे?”

“फोनवर ‘नको’ म्हणालो होतो.”

“मला वाटलं, तू लाजतोयस.”

“लाजतच होतो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल धूत होतं. आम्ही दोघं ते बघत बसलो.

“मी आठ महिने चोरी करत होतो,” दादा म्हणाला. “कुणीतरी पकडायला हवंच होतं. चहा लोक पितात शेवटी. मी रोज म्हणायचो, आज कुणीतरी पकडेल.” मग म्हणाला, “फक्त ती तू नसतीस तर बरं झालं असतं.”

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मला रडता आलं असतं. पण त्याने ते चहाबद्दल बोलायचा त्या स्वरात म्हटलं. एक घोट, एक शब्द. मला मान्य करण्याशिवाय काही उरलं नाही.

“ती पाचवी,” तो म्हणाला, “खरंच लागत कशी होती गं? सगळ्यांची तोंडं तशी का झाली?”

मी सांगायला तोंड उघडलं. पुस्तकातली वाक्यं आली. तुरट, धातूसारखी, खारटाने आणखी... आणि मी मध्येच थांबले.

“काय झालं?”

“मला नाही माहीत, दादा.”

“म्हणजे?”

“मी चाखलीच नाही. एकही नाही. मी वाढत होते, आणि मग पर्यवेक्षण करत होते.”

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतोय. तो हसत होता. इतका हसला की वहिनी आतून बघायला आल्या. येताना त्यांच्या हातात चिरलेल्या नासपतीची बशी होती. त्यांनी ती दोघांच्या मध्ये ठेवली आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

दादाने एक फोड उचलून खाल्ली. सावकाश चावली.

“गार आहे,” तो म्हणाला. “आधी कडक, मग आत मऊ. दाणेदार. इथपर्यंत माझं मला कळतं.” बशी माझ्याकडे सरकवली. “पुढचं सांग.”

मी खाल्ली. “गोड आहे.”

“नासपती गोड असते हे मलाही माहीत आहे. आधी गोड की नंतर? जिभेवर कुठे? गिळल्यावर राहतं का काही?”

मी नीट चावलं. शोधत राहिले. इतक्या वर्षांत एवढ्या लक्षपूर्वक मी काही खाल्लं नव्हतं. सापडत होतं काहीतरी, पण त्याला शब्द मिळेना.

“छान आहे रे,” मी म्हटलं.

दाराशी उभ्या असलेल्या वहिनी एकदम हसल्या.

“छान म्हणजे काय?” दादा म्हणाला. “पुन्हा खा.”